जी ट्रेन: दुसऱ्यांच्या कामापायी बदलत गेलेली लाईन

ठाण्याहून बोरिवलीला लोकलने जायचं तर आपण काय करतो, आधी दादरला यायचं, पूल ओलांडायचा आणि परत वर जायचं. नकाशात दोन्ही स्टेशनं शेजारीशेजारी दिसतात, पण त्याचा उपयोग काय, रूळ सगळे ऑफिसांकडे जाणारे. न्यूयॉर्कमधे ऑफिसं मॅनहॅटनला, त्यामुळे तिथल्या सबवेची, म्हणजे मेट्रोची, प्रत्येक लाईन कुठून ना कुठून मॅनहॅटनमधे शिरतेच, छोट्या शटल सोडल्या तर अपवाद एकच. जी मॅनहॅटनला जात नाही ती जी ट्रेन. (हा विनोद फक्त मराठीतच होतो म्हणून मारून घेतला.)

ही जी ट्रेन, म्हणजे इंग्रजी G अक्षराची, ब्रुकलिन आणि क्वीन्स हे शहराचे दोन भाग जोडते असं म्हणतात. आज तिची २१ स्टेशनं आहेत आणि त्यातली क्वीन्समधे किती, तर दोन! म्हणजे क्वीन्सच्या उंबऱ्यावर चप्पल काढायची आणि तिथूनच मागे फिरायचं. पण पूर्वी असं नव्हतं, पूर्वी ती क्वीन्समधे पार आत फॉरेस्ट हिल्सपर्यंत जायची. ती तिथून का तोडली, मग दुसऱ्या टोकाला का वाढवली, गाडी अर्धीच का धावते, याच्या मागे लागलो आणि वाचता वाचता एक गोष्ट डोक्यात पक्की बसली ती आधीच सांगून टाकतो. नव्वद वर्षांत या लाईनीवर जे बदल झाले त्यातले बहुतेक तिच्यासाठी झालेलेच नाहीत. शेजारच्या लाईनीला गर्दी झाली, कुठे पूल दुरुस्तीला आला, कुठे डबे कमी पडले, की बदलायची ती जी. कधी त्यात हिचं नुकसान झालं, कधी चक्क लॉटरी लागली.

आता मुळापासून. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कची सबवे चालवायच्या दोन खाजगी कंपन्या, आयआरटी आणि बीएमटी. महापौर जॉन हायलन यांचा या कंपन्यांवर भयंकर राग, आणि त्यात मसाला असा की हे गृहस्थ तरुणपणी ब्रुकलिनच्या एलिव्हेटेड रेल्वेवर इंजिन चालवायचे आणि तिथून त्यांना काढून टाकलेलं. तर यांनी हट्टच धरला की शहराची स्वतःची सबवे पाहिजे. तीच पुढे आयएनडी, म्हणजे इंडिपेंडंट. खोदकाम १९२५ ला सुरू झालं, पहिली लाईन १९३२ ला चालू झाली, आणि १९ ऑगस्ट १९३३ ला क्वीन्स प्लाझा ते नॅसो अ‍ॅव्हेन्यू एवढ्याशा तुकड्यावर जीजी नावाची गाडी धावायला लागली. तेव्हा दोन अक्षरं म्हणजे स्लो आणि एक अक्षर म्हणजे फास्ट अशी पद्धत होती. जीजीला फास्ट भावंड मिळालं नाही, क्रॉसटाउन लाईनीला, म्हणजे तिच्या मार्गाला, दोनच रूळ, फास्ट काढणार कुठून. तरी १९८५ ला जोडअक्षरं बंद होईपर्यंत हिचं नाव जीजीच राहिलं.

१ जुलै १९३७ ला लाईन पूर्ण झाली. आता ती क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सहून निघायची, क्वीन्स बुलेव्हार्डच्या स्लो ट्रॅकवरून यायची, न्यूटाउन क्रीक नावाच्या खाडीखालून ब्रुकलिनमधे, मग ग्रीनपॉइंट, विल्यम्सबर्ग, बेडफर्ड-स्टायव्हसंट, डाउनटाउन ब्रुकलिन असं करत स्मिथ-नाइन्थ स्ट्रीट्सला संपायची. हे शेवटचं स्टेशन बघण्यासारखं आहे, गोवानस कालव्यावर ८७.५ फूट उंचावर, कारण तेव्हा उंच डोलकाठ्यांची जहाजं खालून जायला हवी होती. जहाजं कधीच गेली, स्टेशन मात्र आहे तिथेच टांगलेलं. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनाला जीजीला तात्पुरती शेपटी पण लावली होती, थेट प्रदर्शनाच्या गेटपर्यंत, पाच सेंटच्या जमान्यात वरून अजून पाच सेंट घ्यायचे. १९४० ला प्रदर्शन संपलं आणि रूळही उखडले.

आयएनडी ही स्पर्धक म्हणून बांधली होती, त्यामुळे तिला दुसऱ्या कंपनीच्या लाईनींशी जोडायचं कुणाच्या मनातच नव्हतं, उलट त्यांचे पॅसेंजर पळवायचे होते. ही भाऊबंदकी पुढे जीला फार महागात पडली. १९४० मधे शहराने दोन्ही कंपन्या विकत घेतल्या आणि कागदावर सगळं एक झालं, पण जमिनीखालची वाटणी तशीच राहिली. विल्यम्सबर्गमधे जीचं ब्रॉडवे स्टेशन आहे, त्याच्या डोक्यावरून बीएमटीची जुनी एलिव्हेटेड लाईन जाते, आज त्यावर जे आणि एम गाड्या धावतात, पण त्यांची स्टेशनं दोन्ही बाजूंना थोडी थोडी लांब आणि मधे जोड नाही, बाहेर पडायचं, चालायचं, पुन्हा तिकीट. दुसऱ्या टोकाला फुल्टन स्ट्रीटचंही तसंच, काही गल्ल्या चाललं की अटलांटिक अ‍ॅव्हेन्यूला लाईनींचं मोहोळ आहे, पण जीचा आणि त्याचा संबंध नाही. ज्या लाईनीचं सगळं आयुष्य दुसऱ्या लाईनींना आडवं जाण्यात आहे तिलाच जोड मोजक्याच.

मधली वर्षं पटकन ओलांडू. १९६८ ते १९७६ गर्दीच्या वेळात ती पुढे चर्च अ‍ॅव्हेन्यूपर्यंत जायची, मग ते बंद झालं. हे लक्षात ठेवा, चर्च अ‍ॅव्हेन्यू परत येणार आहे.

खरं प्रकरण २००१ चं. आणि ते समजायला आधी क्वीन्स बुलेव्हार्ड समजून घ्यावं लागतं. तिथे चार ट्रॅक आहेत, दोन फास्ट दोन स्लो, आपल्या दादर-ठाण्यासारखंच. फास्टवर ई आणि एफ, दोन्ही ५३ व्या स्ट्रीटच्या बोगद्यातून मॅनहॅटनला जाणाऱ्या, आणि दोन्हींत चेंगराचेंगरी. स्लोवर आर आणि जी. आर मॅनहॅटनला जायची, पण जरा वळसा घालून. जी जायचीच नाही. त्यामुळे लोक काय करायचे, स्लोमधे बसायचे, रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यू आलं की उतरून समोरच्या फास्टमधे घुसायचे. म्हणजे स्लो रिकामी, फास्ट फुटतेय.

यावर उपाय म्हणून एक नवा बोगदा होता, ६३ व्या स्ट्रीटचा. त्याची कथा वेगळीच, १९८९ मधे तो क्वीन्समधल्या एका स्टेशनपर्यंत उघडला आणि तिथेच संपला, पुढे काही नाही, लोक त्याला कुठेच न जाणारा बोगदा म्हणायचे. तो क्वीन्स बुलेव्हार्डला जोडायला आणखी बारा वर्षं गेली, खर्च ६४ कोटी ५० लाख डॉलर. डिसेंबर २००१ मधे जोड सुरू झाली. मग एफ ६३ व्या स्ट्रीटने जायला लागली, ५३ व्याच्या बोगद्यात जागा झाली, आणि त्या जागेत एक नवीन स्लो गाडी सोडली, व्ही. ती फॉरेस्ट हिल्सहून निघून सरळ मॅनहॅटनला.

आता स्लो ट्रॅकवर आर, व्ही आणि जी अशा तीन गाड्या झाल्या. तेवढ्या बसत नाहीत, आणि ट्रॅकवर एकवेळ घुसवल्या असत्या तरी फॉरेस्ट हिल्सच्या टर्मिनसला त्या फिरवणार कशा, टर्मिनसला गाडी रिकामी करून, मोटरमनने टोक बदलून परत काढायला वेळ लागतोच. मुंबईत कुणीही सांगेल की लाईनीची ताकद शेवटच्या स्टेशनावर ठरते. तर एकीला जायचंच होतं. आर मॅनहॅटनला जाते, व्ही मॅनहॅटनला जाते. कोण गेलं ते सांगायला नको.

१६ डिसेंबर २००१ पासून जी कोर्ट स्क्वेअरला तोडली. पूर्ण नाही, तडजोड अशी की संध्याकाळी उशिरा, रात्री आणि शनिवार-रविवारी ती फॉरेस्ट हिल्सला जाईल, कारण त्या वेळांना व्ही नसायची. ब्रुकलिनकर चिडले, सभा झाल्या, सेव्ह द जी नावाची मोहीम उभी राहिली. त्यांना शांत करायला एमटीएने, म्हणजे सबवे चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, कोर्ट स्क्वेअरच्या जीपासून शेजारच्या ई-व्हीच्या स्टेशनपर्यंतच्या लांबलचक बोळात सरकता पट्टा बसवून दिला, एअरपोर्टवर असतो तसा. गाडी काढून घेतली आणि पट्टा दिला! मला हे वाचून हसू आलं खरं, पण त्यातला हिशोब बरोबर आहे, कारण जीवाल्यांचं नुकसान नेमकं तेच होतं, एक जास्तीची बदली आणि एक जास्तीची पायपीट. सेव्हन ट्रेनचं स्टेशनही तिथे जवळच, तिकडे जायला रस्त्यावरून चालत जा आणि कार्डावर फुकट बदली घ्या अशी सोय केली. आतून जिना-रस्ता व्हायला २०११ उजाडलं, तेही सिटीग्रुपने तिथे दुसरी बिल्डिंग बांधली तेव्हा तिच्या पैशातून.

देशी लोकांच्या दृष्टीने सांगायचं तर जुनी जी रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूला थांबायची, म्हणजे जॅक्सन हाइट्स, म्हणजे ७४ वा स्ट्रीट, जिथे साड्या, सोनं, कढीपत्ता, हापूसचा पल्प सगळं मिळतं. ब्रुकलिनहून तिथे बदली न करता जाता यायचं. २००१ नंतर कामाच्या दिवशी दिवसाउजेडी ते गेलं.

पण मला विचाराल तर तोडण्यापेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. नव्या व्हीला डबे हवे होते आणि डबे मोजून मापून होते. ते कुठून आणायचे, तर जीचे काढा. सहा डब्यांची जी चार डब्यांची झाली. तिथला डबा ७५ फुटांचा, म्हणजे गाडी ३०० फूट, आणि प्लॅटफॉर्म ६०० फूट. अर्धा प्लॅटफॉर्म कायमचा रिकामा. मग जिना उतरून चुकीच्या टोकाला उभं राहिलेलं पब्लिक गाडी आली की प्लॅटफॉर्मभर धावत सुटतं, याला तिथे जी ट्रेनची स्प्रिंट म्हणतात. आपल्याकडे इंडिकेटरवर १५ च्या जागी १२ दिसलं की प्लॅटफॉर्मवर जी एक लाट हलते ना, तेच, फक्त आपल्याकडे निदान इंडिकेटर आधी सांगतो.

हा निर्णय चूक होता का? नुसतं गणित मांडलं तर नव्हता. हजारो लोक ई आणि एफमधे लोंबकळत असताना अर्धवट भरलेली गाडी त्याच भागातून चालू ठेवा असं कुठला नियोजनवाला म्हणेल. माझा आक्षेप गणिताला नाही, गणितात काय धरलं याला आहे. जीचे पॅसेंजर मोजले ते तेव्हाचे, आणि जीच्या काठचा ब्रुकलिन नेमका बदलायच्या बेतात होता. २००५ मधे ग्रीनपॉइंट-विल्यम्सबर्गचा नदीकाठ निवासी टॉवरसाठी मोकळा केला, पलीकडे लाँग आयलंड सिटीतही उंच बिल्डिंगा आल्या. म्हणजे जिथे माणसं येणार होती तिथलीच गाडी तोडून आणि कापून ठेवली. जी आधीच मॅनहॅटनला जात नाही म्हणून तिला माणसं कमी, माणसं कमी म्हणून गाडी छोटी आणि उशिरा, उशिरा म्हणून अजून माणसं कमी, हे चक्र एकदा फिरायला लागलं की आकडे नेहमी तोडणाऱ्याच्याच बाजूने बोलतात.

आणि ते संध्याकाळ-रात्र-वीकेंडचं आश्वासन? क्वीन्स बुलेव्हार्डवर मेगाब्लॉक असतात ते रात्री आणि वीकेंडलाच, त्यामुळे जी जाणार म्हणून लिहिलेल्या वेळांनाही ती वरचेवर कोर्ट स्क्वेअरलाच संपायची. एप्रिल २०१० मधे एमटीएने कागदावरूनही ते काढून टाकलं. दोनच महिन्यांनी, जून २०१० मधे पैशांच्या टंचाईत व्ही बंद केली. हो, तीच व्ही, जिच्यासाठी जी तोडली, जेमतेम साडेआठ वर्षं जगली. तिच्या जागेवर एम आली, ती मॅनहॅटनमधून फिरून फॉरेस्ट हिल्सला जाते. जीचं कुणी नावही काढलं नाही, जागा भरलेलीच होती.

आता लॉटरी. गोवानसवरचा तो उंच पूल, कल्व्हर व्हायाडक्ट, म्हातारा झाला होता, दुरुस्ती काढावी लागली. जी स्मिथ-नाइन्थला संपायची आणि पुढच्या फास्ट ट्रॅकवर जाऊन फिरायची, आणि नेमके तेच ट्रॅक दुरुस्तीला हवे होते. मग जुलै २००९ मधे नाइलाज म्हणून जी पाच स्टेशनं पुढे नेली, फोर्थ अ‍ॅव्हेन्यू, सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू, फिफ्टीन्थ स्ट्रीट, फोर्ट हॅमिल्टन पार्कवे आणि चर्च अ‍ॅव्हेन्यू. चर्च अ‍ॅव्हेन्यूला जमिनीखाली गाड्या उभ्या करायचं छोटं यार्ड आहे, तिथे जी निवांत फिरते, एफच्या पायात येत नाही. पार्क स्लोप आणि केन्सिंग्टनच्या लोकांना अचानक विल्यम्सबर्ग-ग्रीनपॉइंटला सरळ गाडी मिळाली. योजना होती की पूल झाला की जी मागे घ्यायची. लोकांनी ओरड केली, डॅनियल स्क्वाड्रनसारखे सिनेटर मागे लागले आणि २०१२ च्या जुलैमधे एमटीएने सांगितलं की हे कायम. एवढ्या वर्षांत जीला मिळालेली सगळ्यात मोठी भेट, आणि ती कशामुळे, तर एका पुलाचं सिमेंट झडत होतं म्हणून.

तीन महिन्यांत सँडी वादळ आलं. न्यूटाउन क्रीकखालच्या बोगद्यात ३० लाख गॅलन खारं पाणी भरलं. ७ नोव्हेंबर २०१२ ला गाड्या सुरू झाल्या, पण खारं पाणी आलं की ते एकदा जात नाही, केबल आणि सिग्नलला नंतर खात बसतं, म्हणून २०१३ मधे १२ वीकेंड आणि २०१४ च्या उन्हाळ्यात सलग पाच आठवडे नॅसो अ‍ॅव्हेन्यू ते कोर्ट स्क्वेअर पूर्ण बंद ठेवावं लागलं.

मधे २०१३ मधे एक वेगळी गोष्ट घडली. स्क्वाड्रन आणि मार्टिन डिलान या दोन सिनेटरांनी आणि रायडर्स अलायन्स या प्रवासी संघटनेने मागणी लावून धरली आणि एमटीएने फक्त जीचाच, सबंध लाईनीचा आढावा घेतला. निष्पन्न काय, तर गाडी प्लॅटफॉर्मच्या मधोमध थांबवायची, कुठे उभं राहायचं त्याच्या खुणा करायच्या, दुपारनंतर १० मिनिटांऐवजी ८ मिनिटांनी गाडी सोडायची. पूर्ण लांबीची गाडी? नाही, तेवढी गर्दी नाही. ब्रॉडवेला जे-एमशी फुकट बदली? नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जीकडे बघून, जीच्या माणसांसाठी घेतलेले निर्णय शोधायला गेलात तर यादी इथेच सुरू होते आणि जवळपास इथेच संपते.

मग एल ट्रेनचा तमाशा. एल म्हणजे विल्यम्सबर्गहून मॅनहॅटनला जाणारी लाईन, तिचा नदीखालचा बोगदाही सँडीत बुडाला होता, २०१६ ला जाहीर झालं की तो पूर्ण बंद ठेवून दुरुस्त करायचा, शेवटी ठरलं एप्रिल २०१९ पासून १५ महिने. विल्यम्सबर्गच्या लोकांनी जायचं कसं, तर जीने. आणि काय आश्चर्य, लगेच जीच्या गाड्या पूर्ण लांबीच्या करायचा प्लॅन झाला, गाड्या वाढवायचा झाला, आणि ब्रॉडवेची जी फुकट बदली २०१३ ला होत नव्हती ती पण निघाली. ३ जानेवारी २०१९ ला गव्हर्नर कुओमो यांनी जाहीर केलं की बंद रद्द, रात्री आणि वीकेंडलाच काम करू. एलवाले सुटले. जीच्या लांब गाड्या त्याच दिवशी विरून गेल्या, जादा फेऱ्या आणि ती बदली तेवढ्या काळापुरती मिळाली, एप्रिल २०२० मधे काम संपलं आणि ब्रॉडवेला परत पहिल्यासारखं तिकीट. म्हणजे करता येतं, हे तर सिद्ध झालं ना! जीवाल्यांसाठी करता येत नाही, एलवाल्यांसाठी येतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा बंद, २८ जून ते ३ सप्टेंबर, तुकड्यातुकड्याने, आधी क्वीन्सकडचं टोक, मग बेडफर्ड-नॉस्ट्रँडपर्यंत, मग तिथून चर्च अ‍ॅव्हेन्यूपर्यंत. जागोजागी फुकट बसगाड्या. यावेळी कारण जीचं स्वतःचं होतं, १९३० च्या दशकातले सिग्नल काढून रेडिओने चालणारे नवे सिग्नल बसवायचे. रूळ ज्या जमान्यात टाकले त्याच जमान्यातले सिग्नल होते, तिथे ते काम कधीतरी निघणारच होतं. २०२५ मधे नवीन गाड्याही आल्या, डब्याडब्यांमधला दरवाजा नसलेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत जाता येतं अशा. स्प्रिंट मारून शेवटच्या दारातून घुसलात तरी आतून पुढे सरकता येतं, तेवढा फायदा आहे. डबे ६० फुटांचे, गाडीला पाच. गुणाकार करून बघा, ३०० फूटच येतात.

राहता राहिलं ब्रुकलिन ते जॅक्सन हाइट्स. जानेवारी २०२२ मधे गव्हर्नर होकल यांनी इंटरबरो एक्सप्रेस नावाची नवी लाईन जाहीर केली, ब्रुकलिनच्या बे रिजपासून क्वीन्समधे थेट रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूपर्यंत, जुन्या मालगाडीच्या मार्गावरून, १४ मैल, सुरुवातीचा अंदाज ५.५ अब्ज डॉलर. मॅनहॅटनला न जाता ब्रुकलिन आणि क्वीन्स जोडणारी गाडी किती गरजेची आहे हे त्या निमित्ताने सगळ्यांनी भरभरून सांगितलं. ती सबवेच्या १७ लाईनींना जोडणार आहे. यादी मी अक्षर अक्षर तपासली, तिच्यात जी नाही.